कातडीच्या बावीस टिकल्या

सुग्राबीला लिहिता-वाचता येत नव्हतं, नर्सचं सर्टिफिकेट तिच्याकडे नव्हतं, आणि तिचा धंदा गाद्या भरायचा होता. हे तीन गुन्हे आमच्या दवाखान्यात तिला इतक्यांदा ऐकवले गेले की पुढं पुढं ती स्वतःच सुरुवात करायची. "हो भाऊ, मी अंगठा लावनारी, मी पिंजाऱ्याची बायको. मंग? माणूस सडून राह्यला त्याचं काय?" या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. मी तिथं कंपाउंडर होतो. मीही दिलं नाही, आणि ज्या रागानं मी हे लिहितो आहे त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे. पण सगळा नाही. बाकीच्यांच्या वाट्याचा त्यांना द्यायला मला अजिबात लाज वाटत नाही.

आमचं गाव नेरच्या बाजूचं. वीस खाटांचं सरकारी रुग्णालय, समोर लिंबाचं झाड, मागं विहीर. मी छप्पन साली लागलो. त्याच साली आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, आणि नव्या राज्यानं आम्हाला पहिली भेट काय दिली असेल तर वीस नव्या गाद्या. जिल्हा कापसाचा, पण त्या गाद्यांत जिनिंगच्या फरशीवरून झाडून काढलेला कचरा भरला होता. सरकी, काड्या, बोंडांच्या कवट्या, सगळं. वर्षभरात त्यांचे असे गोळे झाले की त्यापेक्षा बटाट्याच्या पोत्यावर माणूस सुखानं झोपला असता.

म्हणून सत्तावन साली गाद्या पुन्हा भरायला निजामुद्दीन पिंजाऱ्याला बोलावलं, तर कळलं तो चार महिन्यांपूर्वी खोकून खोकून वारला. त्याची बायको आली. उंच, काटकुळी, चाळिशीच्या आतबाहेरची, खांद्यावर नवऱ्याची कापूस पिंजायची धुनकी. विहिरीजवळ बसून तिनं एकेक गादी उसवली, कापूस पिंजला, भरला, टाके घातले. आणि प्रत्येक गादी झाली की डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायची. कुठं गोळा राहिला असेल तर तिचा हात तिथं थांबायचा. मग ती पुन्हा टाके उसवायची. मी म्हटलं, "बाई, एवढं कोण पाहतं?" तर म्हणाली, "पाह्यत कोनी नाही. पाठीले समजते."

एका खाटेवर गुलाबसिंग नावाचा म्हातारा मांडीचं हाड मोडून पडला होता. त्याच्या खालची गादी काढताना तिचा हात त्याच्या कमरेखाली गेला आणि तिथंच थांबला. ती सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेली. "साहेब, त्या बुढ्याच्या चामडीखाली गठ्ठा हाय. अन् ते जागा ऊन लागून राह्यली." डॉक्टरांनी येऊन खाटेच्या पायथ्याकडून पाहिलं. "लाली दिसत नाही," म्हणाले आणि गेले. सुग्राबी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. "काया माणसाच्या अंगावर लाली कोठून दिसन?" ती मला म्हणाली. "हात लावा लागते ना!"

तिनं माझा हात धरून त्याची मागची बाजू म्हाताऱ्याच्या कमरेवर टेकवली. खरंच, आजूबाजूची कातडी गार आणि मऊ, आणि तेवढी रुपयाएवढी जागा गरम आणि टणक. तिसऱ्या दिवशी ती जागा फुटली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, आजाराच्या ओघात पाठीस व्रण. आजाराच्या ओघात! हाड मोडलं ते मांडीचं, आणि जखम झाली ती कमरेला. ती जखम आजारानं केली नव्हती, खाटेनं केली होती, आणि त्याला खाटेवर एका कुशीवर टाकून विसरून जाणाऱ्या आम्ही सगळ्यांनी केली होती. पण असं कोण लिहितो?

गाद्या झाल्या तरी सुग्राबी गेली नाही. आयेची एक जागा रिकामी होती, डॉक्टरांनी तिला कामचलाऊ म्हणून ठेवलं. कामचलाऊ म्हणजे काम पक्कं आणि माणूस कच्चा. तहसील कचेरीत पहारेकरी तासाचे टोल द्यायचा. दर दुसऱ्या टोलाला सुग्राबी वॉर्डात फिरायची, आणि ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस बदलायची. टाच, कंबर, खांदा, डोक्याचा मागचा भाग, सगळीकडे हात लावायची. तिच्या पहिल्या तीन वर्षांत आमच्या वॉर्डात नवी जखम झाली नाही म्हटलं तरी चालेल. याबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं. मोठ्या डॉक्टरांच्या नावानं. ते त्यांनी काचेच्या चौकटीत लावलं.

आता किसनसिंगकडे येतो.

किसनसिंग आमच्यापासून तीन कोसांवरच्या तांड्यातला. बत्तीस वर्षांचा असेल. एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर कापसानं भरलेल्या बंडीवरून उलटा पडला, आणि कण्याचं हाड मोडून कमरेखालचं सगळं गेलं. यवतमाळला फोटो काढला, हाड जागेवर बसलं, पण पाय आता परत येणार नाहीत असं सांगितलं. घरी नेलं. दीड महिन्यानं त्याची बायको लालीबाई त्याला बंडीत घालून आमच्याकडे घेऊन आली, तेव्हा बंडी फाटकातून आत यायच्या आधी वास आत आला.

माकडहाडावर हाताच्या पंजाएवढी जखम. मध्ये काळं, वाळल्या चामड्यासारखं, कडेनं पाणी. ताप. मोठ्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून पाहिलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन लालीबाईला सांगितलं, "आठ-पंधरा दिवसांचा सोबती आहे. घरी न्या, सेवा करा."

"सेवाच करून राह्यली ना मी," लालीबाई म्हणाली. "दुसरं काय केलं?"

तिचं खोटं नव्हतं. तिनं त्याच्याखाली काय ठेवलं होतं ते सुग्राबीनं काढून बाहेर आणलं, आणि आम्ही पाहतच राहिलो. चुंबळ! पाण्याची घागर डोक्यावर घेताना खाली ठेवतात ती. पण साधी नाही. लग्नात आईनं दिलेली, रंगीत दोऱ्यांनी विणलेली, कवड्या लावलेली, तांड्यातल्या बायका सणावाराला मिरवतात ती. नवऱ्याच्या जखमेला खालून काही टोचू नये, जखम मधल्या भोकात अधांतरी राहावी, म्हणून घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तिनं त्याच्याखाली घातली होती. कवड्या खालच्या बाजूला करून, त्याला रुतू नयेत म्हणून. आणि जखम बोराएवढी होती ती रोज वाढत वाढत त्या चुंबळीच्या आकाराची झाली होती.

लालीबाईला हे कोणी शिकवलं असेल तर आम्हीच. आमच्या वॉर्डात रबरी रिंगा होत्या, हवा भरायच्या, तशाच गोल, तशाच मध्ये भोक. डॉक्टर स्वतः लिहून द्यायचे. तांड्यातला कोणी आमच्याकडे राहून गेला, त्यानं ती पाहिली, आणि घरोघर चुंबळी खाली गेल्या. सुग्राबीनं त्या रिंगा पहिल्या वर्षीच कपाटात टाकल्या होत्या आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या होत्या.

त्या दिवशी तिनं ती चुंबळ माझ्या कोपराखालच्या हातावर ठेवली, वर माझाच औषध कुटायचा दगडी खल ठेवला, आणि म्हणाली, "थांब भाऊ, हालू नको." मी, डॉक्टर, लालीबाई, सगळे उभे. पाव तासानं खल उचलला. हातावर खोल गोल वळ उमटला होता, आणि मधला भाग सुजून निळसर, बधिर. मुंग्या आल्या होत्या.

"पाह्यलं, साहेब? भवताल दाबलं का मधात रगत येतच नाही. मधात रगत नाही त मांस मरते. बाईनं मायेनं ठेवलं हो. पन मरून राह्यला तो मायेनंच."

लालीबाई खाली बसली. ती रडली नाही. ती चुंबळीकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. डॉक्टरांच्या तोंडावर काय होतं ते मात्र सांगतो. राग. एका आयेनं, माणसांसमोर, त्यांच्या रबरी रिंगेला खोटं पाडलं होतं. "तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच बरं करा," ते म्हणाले. "वॉर्डात खाट मिळणार नाही. व्हरांड्यात ठेवा."

"ठेवते," सुग्राबी म्हणाली.

साहेबांना वाटलं त्यांनी टोमणा मारला. तिनं परवानगी म्हणून घेतला.

व्हरांड्यात खाट टाकली, आणि तिच्यावरची गादी सुग्राबीनं दुसऱ्याच दिवशी उसवून तीन तुकड्यांत शिवली. एक छातीखाली, एक मांड्यांखाली, एक नडग्यांखाली. मधल्या मोकळ्या जागांत कमरेची पुढची हाडं आणि गुडघे, पायाची बोटं खाटेच्या बाहेर. किसनसिंगला पालथा घातला. दोन तास पालथा, मग एक कूस, मग दुसरी, आणि पुन्हा पालथा. उताणा कधीच नाही. लालीबाईला तिनं शेजारी उभं करून सगळं करायला लावलं. "माह्या हातानं नाही, तुह्या हातानं. मी का जल्मभर येनार हावो तुह्या तांड्यात?"

काळं मेलेलं कातडं कापायला मात्र डॉक्टरच हवे होते. ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुग्राबी त्यांच्या खुर्चीसमोर हात बांधून उभी राहिली आणि बोललीच नाही. अर्धा तास. बाहेर रांग लागली. शेवटी ते चिडून उठले आणि कापून आले. एवढं त्यांच्या नावावर मी लिहितो, आणि हात चांगला होता हेही लिहितो. म्हणून तर संताप येतो. हात होता, ज्ञान होतं, खाट होती, आणि माणूस वाचवायला एका पिंजारणीला मुक्यानं उभं राहावं लागत होतं.

मी युसॉल बनवून द्यायचो, जखमा धुवायचं औषध. घाण निघेपर्यंत तिनं ते वापरलं. तळाशी लाल दाणेदार मांस दिसायला लागलं तसं ती म्हणाली, "आता हे नको. नव्या मांसाले जाळते. मिठाचं पानी दे, उकळून." मी दिलं. जानेवारी संपेपर्यंत ताप गेला, वास गेला, आणि जखम डाळिंब फोडल्यासारखी लाल झाली. किसनसिंग जेवायला लागला, बोलायला लागला. त्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. तो सुग्राबीला याडी म्हणायचा आणि ती त्याला "चूप राह्य रे, हात हालवू नको" म्हणायची.

पण एवढी मोठी जखम कडेनं भरत यायला वर्ष लागलं असतं, आणि वर्षभरात पुन्हा ताप येऊन तो गेला असता. नागपूरचे एक सर्जन दोन महिन्यांतून एकदा आमच्याकडे यायचे. ते फेब्रुवारीत आले, त्यांनी जखम पाहिली आणि विचारलं, "ही इतकी स्वच्छ कोणी ठेवली?" डॉक्टर म्हणाले, "आमचा स्टाफ आहे." सुग्राबी मागं पाण्याचं भांडं घेऊन उभी होती.

सर्जननी त्याच दुपारी काम केलं. मांडीवरची कातडी सुईच्या टोकानं चिमूटभर उचलायची, ब्लेडनं तेवढीच कापायची, आणि ती टिकली लाल मांसावर ठेवायची. किसनसिंगच्या मांडीला काहीच कळत नव्हतं, त्यामुळे इंजेक्शनचीही गरज पडली नाही. मी मोजत होतो. बावीस टिकल्या. वरून व्हॅसलीनची जाळी, वर पट्टी. जाताना सर्जन सांगून गेले, आणि ते सुग्राबीकडे पाहून सांगून गेले, "दहा दिवस याच्यावर कशाचंही घासणं नाही, दाब नाही. हा माणूस पालथाच राहिला पाहिजे. एकदा चिकटल्या की प्रत्येक टिकली कडेनं पसरेल."

दहा दिवस. त्या माणसाचं जगणं आता त्या दहा दिवसांवर होतं. सुग्राबी घरी जाईना. तिची बहीण हजराबी तिच्यासाठी भाकरी घेऊन यायची.

पाचव्या दिवशी तार आली. आरोग्य खात्याचे कोणी बडे साहेब पाहणीला येणार, उद्या सकाळी दहा वाजता. दवाखान्यात धावपळ उडाली. चुना, फिनेल, धुतलेल्या चादरी. सहाव्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला निघाले आणि व्हरांड्यात किसनसिंगपुढं थांबले. साहेब फाटकातून आत आले की पहिली नजर इथंच पडणार. तीन तुकड्यांत फाडलेली सरकारी गादी, आणि तिच्यावर उघडा, पालथा पडलेला माणूस.

"हे असं दिसता कामा नये," ते म्हणाले. "याला आत घ्या. अखंड गादी घाला. सगळे रोगी उताणे, चादर छातीपर्यंत, हात चादरीवर."

"साहेब, याले उताना नाही करता येत," सुग्राबी म्हणाली. "आज सहावा दिवस हाय."

"दोन तासांचा प्रश्न आहे."

"दोन तासात ते घासून निघून जाइन. त्याले दुखनारही नाही साहेब, तो बोंबलनारही नाही. म्हनून त मी बोलून राह्यली."

"तू मला शिकवणार?"

ती खाटेच्या कडेवर जाऊन बसली. हात दोन्हीकडे पसरून. चार-सहा माणसं जमली. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. गोऱ्या माणसाची लाली कशी लांबून दिसते! ते म्हणाले, "नागोराव, हिला फाटकाबाहेर काढ. आजपासून कामावर नाही ही." नागोराव म्हणजे आमचा म्हातारा शिपाई. त्यानं तिला हात लावला नाही, नुसता हात जोडून उभा राहिला. सुग्राबीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठली. लालीबाईला तिनं सोबत नेलं नाही. पण चौकीदारानं दहा मिनिटांत लालीबाईलाही बाहेर काढलं, नातेवाईक आवारात नकोत म्हणून.

किसनसिंगला उताणा करायला चार हात लागले. दोन नागोरावचे होते. दोन माझे.

मला बायको होती, तीन पोरं होती, नोकरी पक्की होती. ही सगळी कारणं तेव्हा फार मोठी वाटली. किसनसिंग आमच्याकडे पाहत होता. "कंपोंडरभाऊ, याडी कोठी गेली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "येते आत्ता." आणि चादर त्याच्या छातीपर्यंत ओढली.

दहा वाजले. बारा वाजले. साहेब नागपूरहून निघाले होते, वाटेत कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला थांबले, यवतमाळला जेवले, जेवून पडले. तहसीलचे टोलावर टोल पडत होते आणि वीस माणसं चादरीवर हात ठेवून छताकडे पाहत पडली होती. मी दोनदा डॉक्टरांकडे गेलो. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "आता येतीलच." चार वाजता मोटार आली. साहेबांनी ऑफिसात चहा घेतला, भिंतीवरची शाबासकीच्या पत्राची चौकट पाहिली, छान म्हणाले, घड्याळ पाहिलं आणि गेले. वॉर्डात आलेच नाहीत.

सात तास झाले होते.

फाटक उघडलं तशी सुग्राबी आत आली. कोणी अडवलं नाही. तिनं किसनसिंगला आमच्या मदतीशिवाय, लालीबाईला घेऊन पालथा केला आणि पट्टी सोडली. व्हॅसलीनच्या जाळीलाच टिकल्या चिकटून आल्या. पांढऱ्या पडलेल्या, चुरगळलेल्या. तिनं मोजल्या. जखमेवर पाच उरल्या होत्या. मग मिठाचं पाणी मागितलं. मी आणून दिलं तर माझ्या हातून न घेता तिनं भांडं खाली ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. नागपूरचे सर्जन विचारतील, तेव्हा कागद तयार हवा. माझं अक्षर दवाखान्यात सगळ्यात चांगलं. त्यांनी सांगितलं, मी रजिस्टरात लिहिलं. रुग्ण किसनसिंग यांच्या जखमेवर लावलेली कातडी आया सुग्राबी हिच्या हयगयीमुळे निघून आली, सबब सदर आयेस कामावरून कमी करण्यात येत आहे. मी टिपकागदानं शाई टिपली.

दुसऱ्या दिवसापासून सुग्राबी भेटायच्या वेळेत येऊ लागली. पगार नाही, पदर खोचून, हातात धुतलेल्या फडक्यांचं गाठोडं. डॉक्टरांनी डोळेझाक केली, कारण तिला हाकललं तर ती जखम त्यांनाच पाहावी लागली असती. ती यायची नाही तेव्हा लालीबाई टोल ऐकून कूस बदलायची. आणि त्या पाच टिकल्या जगल्या. सर्जन म्हणाले होते तसंच झालं, प्रत्येकीला कडेनं पातळ निळसर कातडी फुटली, दुधावर साय धरते तशी, रोज सुताएवढी. तीन आठवड्यांत होणारं काम साडेचार महिने चाललं. मधे दोनदा ताप आला. एकदा तर आम्ही आशा सोडली. सुग्राबीनं आणि लालीबाईनं नाही सोडली. जूनमध्ये किसनसिंग तांड्यात परत गेला, बंडीत पालथा पडून, हनुवटी हातावर टेकवून, रस्त्याकडे पाहत.

सुग्राबी पुन्हा गाद्या भरायला लागली. महिन्यातून एकदा तांड्यात जाऊन किसनसिंगच्या पाठीवर हात फिरवून यायची. मोठे डॉक्टर दोन वर्षांनी बढती घेऊन गेले. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. भीतीनं नव्हे. त्यांच्यासारखे इतके पाहिले की एकाचंच नाव लिहिणं अन्याय होईल.

सहासष्ट साली नवे डॉक्टर आले. तरुण, कामसू. वॉर्डात दोन माणसांच्या पाठी फुटल्या होत्या. त्यांनी विचारलं, इथं जखमा सांभाळणारं कोणी आहे का? नागोराव निवृत्तीला आला होता, तो बोलून गेला, "सुग्राबी होती, साहेब." नव्या डॉक्टरांनी रजिस्टर काढलं, शेरा वाचला. "हिच्यावर तर हयगयीचा ठपका आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "अक्षर तुमचं दिसतं. खरं आहे ना हे?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मला सांगता येणार नाही, पण नाही म्हणून हलवली नाही.

त्या आठवड्यात लालीबाई किसनसिंगच्या अंगाखाली घालायचं कापड न्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं, रजिस्टरात काय लिहिलंय ते पहिल्यांदाच. साहेबांना सांगायची छाती नव्हती, म्हणून तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमी इतक्या डाव आलो तुमच्याकडं. तुमी बोलले काहून नाही?" मी कापड मोजत राहिलो. तिनं ते घेतलं आणि गेली.

आठ दिवसांनी, सोमवारी, भर ओपीडीच्या वेळी बंडी फाटकातून आत आली. तांड्यातल्या चौघांनी किसनसिंगला उचलून सरळ तपासायच्या टेबलावर पालथा घातला. त्यानं स्वतःच्या हातानं धोतर खाली सरकवलं. साठ माणसं दारात उभी.

"पाह्य डाक्टर," तो म्हणाला. "नुसतं पाहू नको, हात लाव."

डॉक्टरांनी हात लावला. माकडहाडावर पंजाएवढी कातडी, पातळ, चमकदार, त्यात पाच गडद ठिपके स्पष्ट दिसणारे, आणि त्यांच्यामधली सगळी जागा भरलेली. चार-पाच वर्षं अधू पडलेल्या माणसाच्या अंगावर दुसरा एक ओरखडा नव्हता. टाचा मऊ. गुडघे स्वच्छ. डॉक्टर बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले. मी पाहिलं, ते हाताची मागची बाजू लावून पाहत होते.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"याडीनं केलं. अन् माह्या बाईनं. तुमच्या वहीत काय लिवलं हाय ते मले ऐकाचं हाय. कंपोंडरभाऊ, वाचा."

डॉक्टरांनी मला खूण केली. मी रजिस्टर काढलं आणि त्या पाठीजवळ उभं राहून माझंच अक्षर मोठ्यानं वाचलं. हयगय या शब्दाशी मी थांबलो. पुढचं वाचता येईना.

"त्यात मले उताना कोनं केलं ते हाय का?" किसनसिंगनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. रजिस्टर त्यांनी माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं आणि माझ्याकडे वळले. "कोणी केलं?"

लालीबाई दाराशी उभी होती. तिनं माझ्यावरून नजर काढली नाही.

"मी," मी म्हणालो. "मी आणि नागोरावनं. पाहणी होती. सात तास ठेवलं. ती आडवी आली म्हणून तिला बाहेर काढलं होतं."

किसनसिंगनं तोंड टेबलावरच एका बाजूला वळवलं, म्हणजे मी त्याला दिसेन असं.

"आता हे लिवा," तो म्हणाला. "सगळं लिवा, घाई करू नका. मी थांबतो. मले पालथं पडाची सवय हाय."